विहिरीत पडलेल्या विलायती वड्या

ज्याला इंग्रजी वाचता येतं त्याने चुलीपासून चार हात लांब राहावं, असं ठाण्यात चरईकडच्या पिंपळ आळीत पुढे कित्येक वर्षं सांगत. सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा एकच माणूस असे, आणि तो म्हणजे त्र्यंबकराव चौबळ. कलेक्टर कचेरीत भाषांतराचं टेबल सांभाळणारा, चौतीस वर्षांचा, झुपकेदार मिशांचा. मिशी म्हणजे त्याचा जीव की प्राण. पगार बेताचा, उंचीही बेताची, तेव्हा देवाने जे सढळ हाताने दिलं होतं त्याला तेल लावण्यात माणसाची काय चूक?

राणीसरकारच्या ज्युबिलीच्या आगेमागेची ही गोष्ट. कचेरीतल्या एका साहेबाच्या मडमेला माळ्याशी बोलता येईना. माळी म्हणे गुलाब छाटायचे, मडम म्हणे छाटलेस तर याद राख. त्र्यंबकरावाने दोघांच्या मध्ये उभं राहून तासभर भाषांतर केलं. शिव्यांचंही केलं, पण जरा मऊ करून. मडम खूश झाली आणि तिने त्याला एक बाटली दिली. तिचा भाऊ कॅनडात असतो, तिथे मेपल नावाच्या झाडाला भोक पाडतात, रस गळतो, तो आटवतात की झालं हे काकवीसारखं सरबत. बाटलीबरोबर एक चिठ्ठीही दिली. त्या रसाची झिलई दिलेल्या भाजक्या वड्यांची कृती. चिठ्ठीच्या डोक्यावर लिहिलं होतं की कृती अगदी सोपी आहे, लहान मूलही करील.

आता ही बाटली मुकाट्याने घरी नेऊन फडताळात ठेवली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्र्यंबकरावाने ती कचेरीत सगळ्यांना दाखवली. हुजूर टेबलावरचा एक बुजुर्ग कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "चौबळ, चिठ्ठी वाचता येणं निराळं आणि वडी पडणं निराळं. वास घ्या आणि बूच लावून ठेवा." सगळे हसले. हसले म्हणजे काय, पोट धरून हसले. त्र्यंबकरावाच्या मिशा थरथरल्या. "अहो, त्यात काय आहे!" तो म्हणाला. मराठी माणसाच्या बहुतेक संकटांचा उगम या चार शब्दांत सापडतो.

घरी आल्यावर त्याने चिठ्ठी बायकोपुढे धरली. बायको सुमती. घरात दोघंच. वडील कल्याणला मोठ्या भावाकडे. दोन वर्षांपासून त्र्यंबकराव सुमतीला लिहायला-वाचायला शिकवत होता. आळीला ते ठाऊक होतं, आवडत नव्हतं, आणि तिच्या हातून भात करपला तरी दोष पाटीला दिला जाई.

"मी नाही हो करायची," सुमती म्हणाली. "चिठ्ठी इंग्रजी. मला अजून मराठी जोडाक्षरं अडतात. तुम्हाला वाचता येते ना? मग तुम्हीच करा."

"मी? चुलीपाशी?"

"लहान मूलही करील असं लिहिलंय म्हणालात ना?"

 एवढं म्हणून सुमती तांदूळ निवडायला बसली.

शनिवारी भाजी घेऊन एमिलिया आली. ही वाडीवरची ख्रिस्ती बाई, लुगडं घट्ट नेसलेली, डोक्यावर वांग्यांची पाटी. दर शनिवारी यायची, ओसरीच्या पायरीवर बसायची आणि अर्धा तास सगळ्या ठाण्याची खबर देऊन मग वांग्याचा भाव सांगायची. तिच्या भावाची पावाची भट्टी होती, म्हणून त्र्यंबकरावाने तिलाच गाठलं.

"भट्टीशिवाय कसं भाजायचं, एमिलिया?"

"त्यात काय? खाली निखारं, वर निखारं. मधी ताट, ताटावर झाकन. नानकटाई करत्यात तशी. पन तुमी कशाला? बाय आजारी हाय का?"

"नाही, नाही. सहज विचारलं." त्याने वांग्याचा भाव न करता वांगी घेतली. एमिलियाला तेवढ्यावरून सगळं कळलं.

रविवारी जेवणं उरकून आळी आडवी झाली तेव्हा त्र्यंबकरावाने दार लावून घेतलं, कडी घातली, कडी लागल्याची दोनदा खात्री केली आणि अंगरखा काढला. निखाऱ्याच्या ठिणग्या उडतात म्हणून सुमतीने तिचं जुनं लुगडं त्याच्या कमरेभोवती गुंडाळलं. मग तो चिठ्ठी घेऊन चुलीपाशी बसला. सुमती पाटावर बसून पाहत राहिली. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण ती पाटावर आणि तो चुलीपाशी असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

चिठ्ठीतल्या दुसऱ्याच ओळीत ओट नावाचं धान्य निघालं. कचेरीतल्या शब्दकोशाप्रमाणे ते घोड्याला घालतात. त्यासाठी त्र्यंबकराव आदल्या दिवशी टांगेवाल्यापर्यंत जाऊन आला होता. टांगेवाल्याने घोड्याच्या चंदीचे हरभरे दाखवले आणि, "साहेब, घोडा कवा घेतला?" असं चार माणसांत मोठ्याने विचारलं, तेव्हा तो तसाच परतला. ओटच्या जागी जाडे पोहे आले. अंडं लिहिलं होतं, ते वाचताना त्याने आवाज इतका खाली आणला की सुमतीला ऐकूच गेलं नाही, आणि अंड्याच्या जागी पिकलेलं केळं आलं. सोड्याच्या जागी पापडखार. बाकी सपीट, लोणी, अक्रोड होतेच. त्याने लोणी फेसलं, सपीट मळलं, मिशीला पीठ लागलं ते पुसायला गेला तर लोणीही लागलं. "निखारे थोडे बाजूला करा. अहो, सगळे नव्हेत!" सुमती सांगत होती आणि तो ऐकत होता. कचेरीत साहेबाचंही त्याने इतकं ऐकलं नव्हतं.

पण वड्या झाल्या हो! खरोखर झाल्या. खमंग तांबूस रंग आला, घरभर वास सुटला. त्याने बाटलीतला रस लोण्यात कढवून वरून ओतला आणि तो ताटभर चकाकत पसरला. कडेचा एक तुकडा मोडला होता, तो त्याने सुमतीच्या हातावर ठेवला. तिने तो फुंकर घालून खाल्ला. कळत्या वयापासून तिने चुलीवरचं ऊन ऊन कधी खाल्लं नव्हतं, ती नेहमी शेवटी जेवायची. "आणखी आहे का हो?" एवढंच तिने विचारलं, आणि त्र्यंबकरावाला साहेबाने पाठ थोपटल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

इथेच थांबायला हवं होतं. पण चिठ्ठीची शेवटची ओळ राहिली होती: कापण्याआधी ताट अतिशय थंड जागी ठेवावं. वैशाखातली दुपार. घराचं कौलही तापलेलं. "थंड जागा कुठली आहे आपल्याकडे?" त्याने विचारलं.

"विहीर," सुमती म्हणाली. "आंबे नाही का आपण टोपलीत घालून सोडत?"

बोलली ते खरंच होतं. आळीत सगळेच आंबे, लोणी, ताक दोरीने विहिरीत टांगत. त्याने ताट टोपलीत ठेवलं, वर केळीचं पान झाकलं, मागच्या दाराने जाऊन टोपली पाण्याच्या वर हातभर अंतरावर सोडली आणि दोरी रहाटाच्या खांबाला बांधली. गाठ त्याने स्वतः मारली. कचेरीतली कागदांची बासनं बांधायची गाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. पंधरा वर्षं तीच मारत आला होता, हाताला दुसरी ठाऊकच नव्हती. टोपली दिवेलागणीला काढायची असं ठरवून तो घरी आला आणि समाधानाने लवंडला.

चार वाजता आळी पाण्याला आली. कुणाच्या तरी घागरीची दोरी त्या टोकात अडकली, तिने ते ओढून बाजूला केलं, आणि टोपली, ताट, वड्या असं सगळं पाण्यात गेलं. कुणाला काही कळलं नाही. चारपासून दिवेलागणीपर्यंत बायकांनी पाणी भरलं, पुरुषांनी पाय धुतले, चुलींवर आमट्या चढल्या, विठ्ठलशास्त्र्यांनी त्याच पाण्याने सायंसंध्या केली. सगळ्यांत शेवटी शास्त्रीणबाई एक घागर जास्तीची भरायला गेल्या आणि घागरीतून फुगलेला, तांबूस, मऊ असा एक ओबडधोबड तुकडा वर आला.

"अगं बाई! पाव! विहिरीत पाव!"

आता ठाणे-वसईकडे विहिरीत पाव म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायला हवं. फिरंग्यांच्या अमदानीत पाद्री विहिरीत पाव टाकीत, सकाळी गाव ते पाणी पिऊन मोकळं झालं की 'तुम्ही बाटलात' म्हणून सांगत, आणि अख्खा गाव ख्रिस्ती व्हायचा, अशी गोष्ट इथे प्रत्येक पोराला बाळगुटीबरोबर पाजतात. त्यामुळे शास्त्रीणबाईंची हाक ऐकून जी माणसं धावत आली त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्र्यंबकरावही धावत गेला, मागोमाग सुमती. रिकामा खांब पाहून त्याला सगळं उमगलं. "आमच्या... आमच्या घरच्या वड्या आहेत त्या," तो म्हणाला.

"सुमतीनं केल्या?" शास्त्रीणबाई किंचाळल्या. "काय गं हे केलंस, बये!"

सगळ्या नजरा सुमतीकडे वळल्या. ती नवऱ्याकडे बघू लागली. इथे त्र्यंबकरावाने तोंड उघडायला हवं होतं. ते उघडलंही होतं, पण त्याला कचेरीतलं ते हसू आठवलं, कमरेला गुंडाळलेलं लुगडं आठवलं, आणि तोंड पुन्हा मिटलं. खोटं तो बोलला नाही. पण गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याची लाज त्याला रात्रभर डोळा लागू देईना.

सकाळी सल्ले आले. एक म्हणाला, विहीर पुरती उपसा. दुसरा म्हणाला, उपसून काय होतंय, गोमूत्र ओता. शेजारचे प्रभाकरपंत म्युनिसिपालटीत कारकून होते, ते म्हणाले, "अर्ज केल्याशिवाय विहिरीला हात लावाल तर दंड होईल." म्हणून त्र्यंबकराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून म्युनिसिपालटीत गेला. तिथे टेबलाच्या पलीकडे तेच प्रभाकरपंत बसले होते आणि ओळख दाखवायला तयार नव्हते.

"विहिरीत काय पडलं? जनावर, भांडं की इसम?" त्यांनी छापील कागद पुढे ओढला.

"वड्या."

"वड्यांना रकाना नाही."

"मग भांडं लिहा. ताटही पडलंय."

"ताट काढायला परवानगी मिळेल, पण वड्या आतच राहतील. जनावर लिहू का?"

"अहो, मी केळं घातलं होतं त्यात, जनावर कसलं लिहिता!"

प्रभाकरपंतांनी 'मी' हा शब्द ऐकला की नाही कोण जाणे. शेवटी 'जनावर, मयत, जात अज्ञात' असं लिहून शिक्का बसला. चेंदणीच्या भिवा कोळ्याने दुपारी बुडी मारून ताट वर काढलं. "राव, ताटावर मासं जमलेत, हटना झालेत," त्याने आनंदाने सांगितलं. आळीला त्यात आनंद वाटला नाही. विठ्ठलशास्त्र्यांनी निरोप पाठवला की सायंकाळी मारुतीच्या देवळात सगळ्यांनी जमावं, आणि तोवर चौबळांनी विहिरीवर येऊ नये. सुमतीने घागर उचलली आणि भर उन्हात तळ्यावर गेली. दोन खेपा केल्या. त्र्यंबकराव एक घागर घेऊ का म्हणाला तेव्हा ती म्हणाली, "नको. लोक बघतील." त्याला ते चांगलंच झोंबलं.

मग विठ्ठलशास्त्री स्वतः ओसरीवर आले. माणूस वाईट नव्हता. आळीतल्या प्रत्येक मुंजीत आणि प्रत्येक मरणात त्यांचा हात होता आणि आळी आपल्या डोळ्यांदेखत नासू नये अशी त्यांना मनापासून काळजी होती. "त्र्यंबकराव," ते हळू आवाजात म्हणाले, "पाव विहिरीत गेला, आणि त्यावर झाडाचा रस होता म्हणे. झाडाचा रस म्हणजे ताडीच की."

"माडाचा गूळही झाडाच्या रसाचाच, शास्त्रीबुवा."

"वाद नको. पुरुषाने प्रायश्चित्त घ्यायचं तर क्षौर आलं, मिशी उतरवावी लागेल."

"माझे वडील कल्याणला जिवंत आहेत!" त्र्यंबकराव दचकला. बाप जिवंत असताना मिशी उतरवलेला मुलगा कचेरीत गेला असता तर दुपारपर्यंत सगळे टेबलाशी येऊन हळहळून गेले असते.

"म्हणूनच सांगतो. बाईमाणसाने अज्ञानाने केलं असं म्हणू. सुमतीबाई पंचगव्य घेतील, महिनाभर वेगळ्या बसतील, आणि ती पाटी-पुस्तकं तेवढी बंद करायची. तुम्ही नुसती मान हलवा. तुमची अब्रू शाबूत."

शास्त्री गेले. सुमती दाराआड उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. "तुम्ही म्हणाल ते मी करीन," ती म्हणाली. "वेगळी बसेन, शेण-गोमूत्र पिईन. पण मी केल्या असं माझ्या तोंडून म्हणायला लावू नका. आणि पाटी बंद झाली तर..."  ती आत जाऊन दिवा पुसायला लागली.

तेवढ्यात एमिलिया आली. शनिवार नव्हता, डोक्यावर वांग्यांची पाटीही नव्हती. खबर वाडीपर्यंत पोचली होती. पायरीवर बसून ती म्हणाली, "आमचा गाव असाच बाटला म्हंत्यात. माजा आजा सांगायचा, पाव कुनी बगितलाच नव्हता, राव. शेजारचा गाव म्हनला, तुमी बाटलाव, आता तुमचं पानी नको. बायका रडल्या, बाप्ये खाली बगत ऱ्हायले. एक जरी उटून बोलला असता ना, तर आज मी पन तुमच्या हळदीकुंकवाला आली असती." मग ती हसली, पदराने तोंड पुसलं आणि गेली.

देवळात सगळी आळी जमली होती. पुरुष ओट्यावर, बायका खांबाआड. विठ्ठलशास्त्र्यांनी घसा साफ केला. "अज्ञान हा स्त्रीजातीचा स्वभावच आहे. सुमतीबाईंच्या हातून जे घडलं ते..."

"तिच्या हातून काही घडलं नाही," त्र्यंबकराव म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून तो उठून उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, "वड्या मी केल्या."

"तुम्ही सांगितल्या, त्यांनी केल्या, असंच ना?"

"नाही. लोणी मी फेसलं, सपीट मी मळलं, निखारे मी घातले. गाठही मीच मारली. ती पाटावर बसली होती आणि मी चुलीपाशी."

क्षणभर मारुतीसुद्धा गार पडला असेल. मग हसू फुटलं. कचेरीतलं हसू त्यापुढे काहीच नव्हतं. प्रभाकरपंत तर खांबाला धरून हसत होते. "पदर घेतला होता का, चौबळ?" कुणी तरी ओरडलं.

"घेतला होता," त्र्यंबकराव ओरडला. "तिचं जुनं लुगडं गुंडाळलं होतं कमरेला. निखारे उडतात! तुम्हाला काय ठाऊक, तुमच्यापैकी कुणी बसलंय कधी? हसा, हसा. काल मी हसण्याला भ्यालो आणि माझ्या बायकोला भर उन्हात तळ्यावर जावं लागलं. त्यापरीस हे बरं."

हसू जरा ओसरलं. त्याला आता थांबता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर थांबायची इच्छाही नव्हती. "आता माझी मिशी हवी ना? घ्या. पण टोपली पडली ती आळी चार वाजता पाण्याला आली तेव्हाच. चार ते दिवेलागणीपर्यंत विहिरीचं पाणी कोण कोण प्यालं त्यांनी हात वर करा. प्रभाकरपंत, तुम्ही दोन तांबे प्यालात, मी ओसरीवरून पाहिलं. शास्त्रीबुवा, तुम्ही त्याच पाण्याची आचमनं केलीत. मी बाटलो तर सगळे बाटले. न्हाव्याला बोलवा, ओळीने पाट मांडा. पहिला पाट शास्त्रीबुवांचा, शेवटचा माझा. आहे कबूल?"

एकही हात वर गेला नाही. बऱ्याच जणांचे हात मिशीकडे मात्र गेले. ज्यांचे वडील हयात होते ते त्यांच्याकडे बघू लागले, आणि वडील शास्त्र्यांकडे. विठ्ठलशास्त्र्यांनी डोळे मिटले. ग्रंथ मनातल्या मनात चाळत असावेत, आणि त्यांना हवं ते पान सापडलं असावं. "विहिरीला जिवंत झरा आहे," ते म्हणाले. "वाहत्या पाण्याला दोष लागत नाही. असं शास्त्र आहे."

"आहे, आहे!" आळी एका सुरात म्हणाली. इतकं एकमत पिंपळ आळीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

"पण त्र्यंबकराव, पुन्हा हे असलं..."

"येत्या रविवारी पुन्हा करणार. बाटली अर्धी उरलीय. आणि पाटी बंद होणार नाही. अहो, ती पुढच्या वर्षी इंग्रजी शिकणार आहे, म्हणजे मला ओरडून वाचून दाखवायला नको." इतकं बोलून तो पायऱ्या उतरला आणि खांबापाशी थांबला. सुमती बायकांतून बाहेर आली. रिवाज नवऱ्याच्या चार पावलं मागून चालायचा. दोन पावलं ती तशी चाललीही. मग त्र्यंबकरावच थांबला, ती बरोबरीला येईस्तोवर, आणि दोघं घरी गेली.

आळीने सूड घ्यायचा तो घेतलाच. त्र्यंबकरावाला लोक 'चौबळकाकू' म्हणू लागले, मागून आणि कधी कधी तोंडावर. त्याला ते लागायचं, नाही असं नाही. पण तो मिशीला तेल लावून पुढे चालायला लागायचा.

मंगळवारी सकाळी सुमती विहिरीवर गेली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. शास्त्रीणबाई पुढे झाल्या. "काय गं, तुझा नवरा चुलीपाशी बसतो म्हणे?"

"बसतो," सुमती म्हणाली. "तुमचे?"

हसू थांबलं. सुमतीने दोरी सोडली, घागर भरली, वर ओढली. शास्त्रीणबाईंनी मागेपुढे पाहिलं, तिच्या अगदी जवळ आल्या आणि कुजबुजल्या, "खरं सांग हं, खोटं बोलशील तर बघ. मळून झाल्यावर परात कुणी घासली?"

"त्यांनीच."

शास्त्रीणबाई विहिरीच्या कठड्यावर मटकन खाली बसल्या.